मोड आले, वजन वाढले, पण कशाचे?

२०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता आणि सोलापूर जिल्ह्यातले आमचे गावही त्यात होते. गावाहून चुलतभावाचा फोन आला. दादांच्या गोठ्यात तेव्हा चार संकरित गायी आणि दोन कालवडी होत्या. कडब्याचे भाव ऐकून ते हबकले होते आणि एका विक्रेत्याकडून लोखंडी मांडणी आणि प्लास्टिकचे ट्रे घ्यायच्या बेतात होते.

"अगं, एक किलो मका भिजवून ट्रेमध्ये पसरायचा, की आठव्या दिवशी आठ किलो हिरवा चारा. ना माती, ना रान. मग कडबा घेऊच कशाला? तू बियांचंच शिकलीस ना, हे खरं का ते सांग."

माझे काम बियांमधल्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर चालते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा समज असा, की बी म्हटले की मला सगळे माहीत. पण या प्रश्नाला मला खरोखरच उत्तर देता येत होते. विक्रेता खोटे बोलत नव्हता. किलोचे सहा ते आठ किलो होतात. आणि तरीही दादांचा बेत फसणार होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी गोठ्यात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकवावे लागेल.

मटकीचे गाठोडे

रात्री वाटीभर मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडले की पांढरे मोड बाहेर आलेले दिसतात. वाटीभराची अडीच-तीन वाट्या मटकी झालेली असते. हे आपण इतक्या वेळा पाहिलेले असते, की त्यात विचारण्यासारखे काही वाटत नाही. वर्गात मात्र हा प्रश्न जरूर विचारून पाहा: वाढलेले वजन आले कुठून?

आठवी-नववीची मुले हमखास दोन उत्तरे देतात. एक, "पाण्यातून." दुसरे, "तिने अन्न तयार केलं." दुसरे उत्तर देणाऱ्याला विचारा, की अन्न तयार करायला काय काय लागते? हिरवे पान लागते, प्रकाश लागतो. मटकी तर फडक्यात, अंधारात बांधलेली होती! पहिले उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे तराजूनेच सांगावे लागते.

मूग किंवा मटकीचे २००-२०० ग्रॅमचे दोन वाटे मोजून घ्या. हल्ली एक ग्रॅमपर्यंत दाखवणारे वजनकाटे स्वस्तात मिळतात. पहिला वाटा तसाच कोरडा ठेवा. दुसऱ्याला मोड आणा, आणि भिजवल्यावर, बांधल्यावर, मोड आल्यावर असे प्रत्येक टप्प्याला त्याचे वजन करा. नुसत्या भिजण्यानेच वजन दुपटीच्या आसपास गेलेले दिसेल. मोड चांगले लांब झाले, की दोन्ही वाटे पसरून कडक उन्हात वाळवा, मग मंद आचेच्या तव्यावर किंवा सौर चुलीत ठेवा. पुन्हा पुन्हा वजन करा. ते कमी व्हायचे थांबले, की सगळे पाणी गेले असे समजायचे. दाणे करपू देऊ नका, नाहीतर प्रयोग फसेल.

जो वाटा कोरडाच होता, त्याचेही वजन कमी होते, कारण साठवणीतल्या कोरड्या दाण्यातही दहा-बारा टक्के पाणी असते. पण मोड आलेला वाटा त्याहूनही हलका भरतो. दोन-तीन दिवसांच्या मोडांत फरक थोडा पडतो, काही ग्रॅमांचा. गहू किंवा मका आठवडाभर वाढू दिला तर फरक ठळक दिसतो. मुलांना याचे मोठे नवल वाटते. डोळ्यांसमोर जी वस्तू वाढली, ती प्रत्यक्षात घटली होती!

गेले कुठे?

थोडा भाग भिजवलेल्या पाण्याबरोबर जातो. मटकी उपसलेले पाणी गढूळ, किंचित फेसाळ असते ते त्यामुळेच. पण मोठा वाटा हवेत जातो. गाठोड्यात हात घाला, आत ऊब लागेल. ती ऊब म्हणजे दाण्यांचा श्वास. बीमध्ये साठवलेला स्टार्च मोडून साखर होते, साखर ऑक्सिजनशी संयोग पावते, आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व ऊर्जा बाहेर पडते. पाठ्यपुस्तकातला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आपण अंकुरलेल्या हरभऱ्यावर करतो. निवळीला जो वायू दुधाळ करतो, तोच आपल्या तराजूवरून उडालेला स्टार्च. हा प्रयोग आणि वजनाचा प्रयोग दोन वेगळ्या पाठांत येतात आणि त्यांची गाठ कधी पडत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

म्हणजे मोड येणे ही कमाई नसून खर्च आहे. रोपाला पाने फुटून स्वतःचे अन्न स्वतः करता येईपर्यंत आईने बांधून दिलेली शिदोरी पुरवायची असते. कडधान्यात ही शिदोरी दोन जाड बीजपत्रांत असते. मका, गहू, नाचणी यांत ती भ्रूणाशेजारच्या पिठाळ भागात असते.

खर्चाची सुरुवात कशी होते, हे जवाच्या दाण्यात फार बारकाईने अभ्यासले गेले आहे. पाणी आत शिरले, की भ्रूण जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. ते पिठाळ भागाभोवतीच्या ॲल्युरॉन नावाच्या पातळ थराला पोचते आणि तो थर अमायलेज हे विकर तयार करू लागतो. अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. भ्रूण हुकूम देणार, थर हत्यारे बनवणार आणि कोठार फोडले जाणार, असा हा क्रम. भ्रूणच नसेल तर हुकूम कोण देणार? हरभऱ्याच्या डाळीला मोड का येत नाहीत, याचे उत्तर मुलांना यातूनच शोधू द्या. डाळ भिजते, फुगते, पण भरडताना तिचा भ्रूण निखळून गेलेला असतो. फुगणे आणि अंकुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तव्यावर भाजलेली मटकीही पाण्यात फुगते. याच्या उलट मटकीतले गणंग, म्हणजे कितीही भिजवले तरी दगडासारखे राहणारे दाणे, जिवंत असूनही फुगत नाहीत, कारण त्यांच्या सालातून पाणी आत शिरत नाही. असा एखादा दाणा खरखरीत दगडावर जरा घासून मग भिजवून पाहा.

खर्च करून काय मिळाले?

एवढे वाचून मोड आणणे म्हणजे नासाडी असे कुणी समजू नये. खर्चाच्या बदल्यात काही गोष्टी मिळतात आणि त्यांतल्या दोन तर फार मोलाच्या आहेत.

पहिली गोष्ट जीवनसत्त्व क. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसतेच. अंकुर फुटताना बी ते नव्याने तयार करते. १०० ग्रॅम मोड आलेल्या मुगात ते साधारण १० ते १५ मिलिग्रॅम भरते. आवळ्यापेरूपुढे हे किरकोळच, आणि शिजवताना त्यातलेही बरेचसे जाते. पण ताजे काहीच मिळत नसेल तर एवढेही जीव वाचवते. पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा येथे हिंदी आणि ब्रिटिश फौज वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला संपला. ब्रिटिश शिपाई घोड्याचे ताजे मांस खात होते. हिंदी शिपायांनी बराच काळ ते नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्हीची साथ पसरली. हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा उकलतात, असा तो रोग. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की कोरडे कडधान्य स्कर्व्ही टाळू शकत नाही, पण तेच भिजवून मोड आणले तर टाळते. १९१८ मध्ये विल्टशर या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांच्या एका गटाला लिंबाचा रस आणि दुसऱ्या गटाला मोड आलेले कडधान्य दिले. मोडवाल्यांचा गट मागे पडला नाही. जीवनसत्त्व क हे नावसुद्धा तेव्हा रूढ झालेले नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते अमायलेज. तान्ह्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना एक अडचण येते. पेज पोटभरीची करावी तर ती इतकी घट्ट होते, की बाळ गिळत नाही. पातळ करावी तर पोट पाण्यानेच भरते आणि बाळ उपाशी राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या अडचणीवर काम केले. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे थोडे पीठ घट्ट पेजेत मिसळले, की पेज पातळ होते, आणि तेही पाणी न वाढवता. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी पीठ करायची रीत आहेच. तिच्यामागचे एक कारण हे आहे.

वर्गात हे दहा मिनिटांत दाखवता येते. तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, चमचा उभा राहील अशी. दोन वाट्यांत घ्या. उकळी पूर्ण बसू द्या, पण पेज चांगली गरम असू द्या. एका वाटीत चमचाभर मोडाच्या नाचणीचे पीठ घाला, दुसऱ्या वाटीत चमचाभर साध्या नाचणीचे. ढवळत राहा. पहिल्या वाटीतली पेज बघता बघता ओघळायला लागेल. उकळत्या पेजेत पीठ घातले तर काही होणार नाही, कारण तिथे विकर नष्ट होते. म्हणूनच मोडाची नाचणी दळण्यापूर्वी फार खरपूस भाजली, तर वास छान येतो, पण हा गुण जातो. बाळाला देताना मात्र पातळ झालेली पेज पुन्हा एकदा उकळून घ्यावी.

बाकीचे फायदे थोडक्यात सांगते. दाण्यातले फायटेट कमी होते आणि त्याने अडवून धरलेले लोह शरीराला अधिक मिळू लागते. पोटात वायू धरणाऱ्या काही शर्करा घटतात. प्रथिने मात्र वाढत नाहीत, हे निक्षून सांगायला हवे. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. बाजारात मिळणाऱ्या लांबलचक मोडांच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम. बाकी पाणी. आणि मोडांतून बी-१२ मिळते ही समजूतही निराधार आहे.

एक सावधगिरीही सांगायला हवी. दाण्याला जी ओल आणि ऊब मानवते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत कच्चे मोड खाऊन ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. आपल्या आज्या मोडांची उसळ करत, ते उगीच नव्हे. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मोड शिजवूनच द्यावेत, क जीवनसत्त्व थोडे गेले तरी चालेल. राजमा तर मोड आणला तरी कच्चा कधीच खाऊ नये. त्यातले विषारी प्रथिन खळखळ उकळल्याशिवाय जात नाही.

आता गोठ्यात

दादांचा हिशोब आता मांडू. एक किलो मका घेतला. त्यात १२ टक्के पाणी, म्हणजे कोरडा ऐवज ८८० ग्रॅम. आठवड्याने त्याचा सहा किलो चारा झाला असे धरू. गोव्यात जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने अशा चाऱ्यावर पुष्कळ काम केले आहे. तिथे मक्याच्या पाच-सहा पट चारा मिळाला आणि त्यातला कोरडा भाग ११ ते १४ टक्के भरला. मधला साडेबारा टक्क्यांचा आकडा घेतला, तर सहा किलो चाऱ्यात कोरडा ऐवज ७५० ग्रॅम. म्हणजे १३० ग्रॅम हवेत आणि पाण्यात गेले. पाने हिरवी होतात, पण सावलीतल्या आठवड्याभरात त्यांनी केलेली कमाई हा खर्च भरून काढत नाही. विक्रेत्याचे आठ किलो भरतील तेव्हा त्यात पाणी जास्त असेल, इतकेच.

चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला निदान दहा किलो कोरडे खाद्य लागते. ते सगळे या चाऱ्यातून द्यायचे तर रोज ८० किलो चारा हवा. त्यासाठी रोज १३ किलोंहून जास्त मका भिजवावा लागेल. चार गायींना ५३ किलो. दर दोन दिवसांना एक क्विंटल मका! हे फोनवर सांगितले तेव्हा दादा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढा मका असता तर मी रडलो असतो कशाला?"

हा शोध नवा नाही, आणि त्यावरचा आक्षेपही नवा नाही. १९३० च्या दशकात युरोपात कपाटात चारा उगवण्याची अशीच लाट आली होती. ब्रिटनमधल्या इझाबेला लीच यांनी तोवर झालेल्या प्रयोगांचा आढावा १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. लाट ओसरली आणि दर काही वर्षांनी, बहुधा दुष्काळाच्या मागोमाग, ती नव्या नावाने परत येते.

मग हा चारा निरुपयोगी का? तसेही नाही. उन्हाळ्यात जिथे हिरवे पानसुद्धा नाही, तिथे त्यातून कॅरोटीन मिळते, ज्यापासून जनावर जीवनसत्त्व अ बनवते. जनावरे तो मुळांसकट आवडीने खातात. गोव्याच्या अभ्यासात दुभत्या गायींच्या एकूण आहाराची पचनीयताही वाढलेली आढळली. पण तिथे हा चारा इतर खाद्याच्या जोडीला दिला होता, त्याच्या जागी नव्हे. तो कडब्याची जागा घेऊ शकत नाही. आंबोणातल्या धान्याचा काही भाग या रूपात देता येतो, असे म्हणणे योग्य. कालवडी, शेळ्या, कोंबड्या यांना थोडा थोडा द्यायला तो चांगला.

करायची रीत मटकीसारखीच. अख्खा, न किडलेला मका बारा ते चोवीस तास भिजवायचा, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे, मग तळाला भोके असलेल्या ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढा थर पसरायचा आणि सावलीत ठेवून दिवसातून काही वेळा पाणी शिंपडायचे. पाणी साचले की बुरशी येते. बुरशी आलेला ट्रे जनावरापुढे टाकायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा. आणि पेरणीसाठी पिशवीत मिळणारे गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे बियाणे यासाठी कधीही वापरायचे नाही. त्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेले असते, आणि ते धुऊन पूर्ण जात नाही.

एवढे सगळे ऐकून घेतल्यावर दादांनी जो प्रश्न विचारला, तो ऐकून मी खुर्चीतून उठलेच. "मका विकत आणायचा. त्यापेक्षा घरात ज्वारीचं पोतं पडलंय, तेच टाकू का ट्रेमध्ये?"

कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे आपल्याकडच्या प्रत्येक गुराख्याला माहीत असते; दादांनाही होते. पण ट्रेमधले मोड म्हणजे कोवळ्याहून कोवळी ज्वारी, हे त्यांच्या मनात आले नव्हते. ज्वारीच्या दाण्यात धुरिन हे द्रव्य जवळजवळ नसते, म्हणून भाकरी निर्धोक असते. अंकुर फुटला की ते झपाट्याने तयार होते आणि कोवळ्या रोपात त्याचे प्रमाण फार मोठे असते. जनावराने कोंब चावला, की पेशी फुटतात, धुरिन आणि त्याला तोडणारे विकर एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते शरीरातल्या पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही; रक्तात ऑक्सिजन असूनही जनावर गुदमरते आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही. रोपाच्या दृष्टीने हा आणखी एक खर्चच. शिदोरीतला काही भाग ते स्वतःच्या राखणीवर लावते. माणसांनीही ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत. घरात मोडांसाठी मूग, मटकी, हरभरा आणि नाचणी आहेतच.

दादांनी ती लोखंडी मांडणी घेतली नाही. जुन्या घमेल्यांना भोके पाडून वहिनी त्यात आठवड्याला तीन-चार किलो मका घालू लागल्या; तो कालवडींना आणि कोंबड्यांना. कडबा त्यांनी त्याच आठवड्यात आणला, महाग होता तरी.